आंब्याची पेटी आणि उलटतपासातला प्रश्न

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "माझी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग म्हणून निवड झाली आहे. सख्खे काका जिल्ह्यात वकिली करतात. सचोटी म्हणजे लाच घ्यायची नाही, हे कळतं. पण रोजच्या कामात त्यापलीकडे काय सांभाळायचं? आणि बाई साक्षीला उभी असताना उलटतपासात मी मध्ये पडलो, तर तो पक्षपात होतो का?"

आधी अभिनंदन. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण आधी वकील आणि मग न्यायाधीश म्हणून, तालुका कोर्टापासून सत्र न्यायालयापर्यंत बत्तीस वर्षं काढल्यावर मला ते एकच वाटतात. रेकॉर्डवर जे आहे त्यावरून निकाल द्यायचा, एवढंच आपलं काम. रेकॉर्डबाहेरचं काही आत शिरतं ते कधी पेटीतून, कधी नातेवाइकाच्या फोनवरून आणि कधी आपल्याच डोक्यात लहानपणापासून घट्ट बसलेल्या समजुतीतून. पेटी आणि फोन ओळखू येतात. समजूत ओळखू येत नाही, कारण आपण तिला अनुभव म्हणतो.

पेटीपासून सुरुवात करते. आपल्याकडे न्यायाधीशाच्या सचोटीचा विषय निघाला की रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो माणूस. पण 1773 सालातला तसा प्रसंग तुमच्या वाट्याला बहुधा येणार नाही. माझ्या वाट्याला आली ती हापूसची पेटी. पहिलीच नेमणूक, एप्रिलची अखेर, संध्याकाळी क्वार्टरवर आले तर ओट्यावर पेटी आणि घरभर वास. पट्टेवाला म्हणाला, "मॅडम, बागेतले आहेत, प्रेमाने दिलेत." कुणी दिलेत विचारलं तर एका वकिलांच्या ओळखीचे. आणखी खोदून विचारलं तेव्हा कळलं की पाठवणाऱ्याचा वाटपाचा दावा माझ्याच बोर्डावर, म्हणजे माझ्या सुनावणीच्या यादीत, आहे आणि पुराव्याला लागलाय.

पेटी उघडली नाही. कोर्टाचं कार्यालय सांभाळणाऱ्या नाझरांना बोलावलं, दोन ओळींचं पत्र लिहिलं, पेटी परत पोचवून सहीनिशी पोच आणवली. त्याच रात्री जिल्हा न्यायाधीशांना लेखी कळवलं. पण खरं महत्त्वाचं काम पुढच्या तारखेला होतं. दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर, भर कोर्टात, काय घडलं ते मी सांगितलं आणि रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीत, ते लिहून ठेवलं. नुसती पेटी परत केली असती, तर ज्या भावाविरुद्ध ती आली होती त्याला हे कधीच कळलं नसतं, आणि गावात मात्र पेटी आल्याचं पसरलं असतं, परत गेल्याचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली रणजीत ठाकूर खटल्यात हेच सांगितलंय: मी पक्षपाती आहे का, असं न्यायाधीशाने स्वतःच्या मनाला विचारून भागत नाही, समोरच्या पक्षकाराच्या मनात शिरून पाहायला हवं. तालुक्याच्या गावी हे वाक्य रोज लागू पडतं. तुम्ही कुणाच्या स्कूटरवर मागे बसलात, कुणाच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसलात, चेंबरमध्ये एकाच बाजूचे वकील किती वेळ होते, हे कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तुमच्याआधी पोचलेलं असतं. चेंबरमध्ये खटल्याबद्दल बोलायचं तर दोन्ही वकील हवेत, नाहीतर कुणीच नको.

काकांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. 7 मे 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी मिळून न्यायिक आचरणाची 16 कलमी संहिता स्वीकारली. ती वरिष्ठ न्यायालयांसाठी होती, पण मापपट्टी तीच धरायची. जवळचा नातेवाईक वकील असेल तर त्याने आपल्यासमोर उभं राहायचं नाही, आपल्यासमोरच्या प्रकरणाशी कुठल्याही प्रकारे संबंध ठेवायचा नाही, आणि न्यायाधीशाचं राहतं घर वकिलीच्या कामाला वापरायचं नाही. वकिलांवरही तेच बंधन आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ज्या नात्यांची यादी दिली आहे तीत काका-पुतणे आहेत. तेव्हा काकांना वाईट वाटेल ही भीती सोडा, नियम त्यांनाही ठाऊक आहे. हजर होण्याआधीच, म्हणजे नेमणुकीच्या वेळीच, वरिष्ठांना लेखी कळवून ठेवा. काकांच्या ऑफिसातल्या ज्युनियरने वकालतनामा टाकला तर रोजनाम्यात एका ओळीत कारण लिहून प्रकरण वर्ग करण्यासाठी पाठवा. एक मात्र सांगते: अवघड, गावात गाजलेलं, राजकीय माणसाचं प्रकरण अंगावर आलं की ओळखीचं निमित्त काढून बाजूला होणारेही मी पाहिलेत. तेही वाईटच. टाळण्यासाठी केलेली माघार ही सचोटी नव्हे.

आणि कोर्ट सुटलं म्हणून न्यायाधीशपण सुटत नाही. उत्तर प्रदेशातला एक न्यायिक अधिकारी एलएलएमच्या परीक्षेत कॉपी करताना सापडला होता. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायिक अधिकाऱ्याला कोर्टातला एक आणि बाहेरचा एक, असे दोन मापदंड ठेवता येणार नाहीत. आजच्या घडीला याचा सगळ्यात साधा अर्थ मोबाइलमध्ये आहे. वकिली करत होतात तेव्हाचे सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतील त्यातून शपथेआधी बाहेर पडा. निरोप लिहा, "नेमणूक झाली, म्हणून रजा घेतो," कुणी रागावत नाही. खोट्या तक्रारी येतील, त्यांना घाबरू नका. कडक वागणाऱ्या कनिष्ठ न्यायाधीशाला अशा तक्रारींपासून सांभाळणं हे उच्च न्यायालयाचं कर्तव्य आहे, असं 1988 च्या ईश्वरचंद जैन निकालात स्पष्ट म्हटलंय. तुमचा रोजनामा स्वच्छ असला की ते काम सोपं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

तुमच्याकडे लवकरच एक काम येईल ज्याचं प्रशिक्षण कितीही झालं तरी पहिल्या वेळी हात थरथरतो: अत्याचारग्रस्त स्त्रीचा जबाब नोंदवणं. पूर्वीच्या फौजदारी संहितेचं कलम 164, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 183. नवा कायदा म्हणतो की असा जबाब शक्यतो महिला न्यायदंडाधिकाऱ्यांनी घ्यावा, त्या नसतील तर पुरुष न्यायदंडाधिकाऱ्यांनी, पण एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीत. तुमच्या कोर्टात महिला लघुलेखक किंवा लिपिक आहेत का, हे आधीच बघून ठेवा. ऐनवेळी शोधाशोध झाली की शेवटी तिला घेऊन आलेली महिला कॉन्स्टेबलच आत बसते, आणि पोलीस आत असताना तो जबाब मोकळेपणी दिलेला कसा म्हणायचा? पोलिसांना दारापासूनही लांब पाठवा. तिला खुर्ची द्या, पाणी द्या, कुणी आणलं, कुणी काही पढवलंय का, ते विचारा.

आणि तिचे शब्द बदलू नका. याबद्दल मला फार कळकळ आहे. आपल्या कोर्टांत एक पोलिसी मराठी आहे: "सदर इसमाने माझे इच्छेविरुद्ध जबरी संभोग केला." असं कुठलीही बाई बोलत नाही. ती म्हणते, "त्यानं तोंड दाबलं नि वंगाळ केलं." तिथे थांबून विचारायचं, "वंगाळ म्हणजे नेमकं काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा," आणि जे सांगेल ते तसंच टंकायला सांगायचं. तुम्ही ते सुधारून, कायद्याच्या साच्यात बसवून लिहिलंत, तर दोन-तीन वर्षांनी सत्र न्यायालयात बचावाचे वकील तोच कागद तिच्यापुढे धरतात: "हा ‘संभोग’ शब्द तुम्हीच वापरला होता का?" ती खरं बोलते, "नाही." आणि साक्ष हलते. शब्द तुमचा असतो, विश्वास मात्र तिच्यावरचा उडतो. जे ती बोलली नाही ते तिच्या तोंडी घालणं मला पेटी घेण्याइतकंच गंभीर वाटतं, हेतू कितीही चांगला असो.

अजून एक गोष्ट, मराठी कोर्टातच दिसणारी. साक्षीदार पिंजऱ्यात आला की आपण त्याला काय म्हणतो ते ऐका. बागायतदाराला "आपलं नाव सांगा," शेतमजूर बाईला "नाव काय गं तुझं?" हा भेद आपल्या कानाला खटकत नाही इतका तो मुरलाय. प्रौढ माणसाला, मग कुणीही असो, "तुम्ही." बेंच क्लार्कला आणि पट्टेवाल्यालाही तीच सवय लावा. आणि लैंगिक गुन्ह्यात पीडितेच्या नावाने व्हरांड्यात पुकारा होऊ देऊ नका, केस नंबरने करा. तिची ओळख उघड करायची नाही हे 2018 च्या निपुण सक्सेना निकालाने पक्कं केलंय, निकालपत्रातसुद्धा नाव नको. आणि आपला पट्टेवाला तेच नाव पूर्ण आवारात ओरडून सांगत असतो.

उलटतपास. तुम्ही विचारलंत, मध्ये पडणं पक्षपात आहे का. माझी चूक सांगते, त्यातून कळेल. सुरुवातीच्या वर्षांतला विनयभंगाचा खटला होता, मुलगी एकोणीस-वीस वर्षांची. वकिलांनी विचारलं, "तुझ्या मोबाइलमध्ये किती मुलांचे नंबर आहेत?" ती गप्प. पुन्हा तोच प्रश्न, आवाज चढवून. ती गप्पच, आणि दाराकडे बघत होती, जिथे आरोपीचे दोघे भाऊ उभे होते. मी नवखी, बचावाला अडवलं तर अपिलात ओरडा होईल या धास्तीत. मी स्टेनोला सांगितलं, लिहा: "साक्षीदार उत्तर देत नाही." मी शिक्षा दिली. अपिलात ती रद्द झाली, आणि त्या चार शब्दांचा अर्थ असा लावला गेला की प्रश्नातलं तिला नाकारता आलं नाही. दारातले भाऊ रेकॉर्डवर नव्हतेच. ते मी आणले नव्हते. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल नोंद करण्याचा अधिकार जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 280 ने मला दिला होता आणि मी तो वापरला नाही. त्या मुलीचा चेहरा मला आजही आठवतो.

कायदा काय सांगतो ते नीट बघा. अश्लील किंवा बदनामीकारक प्रश्न वादाच्या मुद्द्याशी निगडित नसेल तर न्यायाधीश तो नाकारू शकतो. आणि प्रश्न अपमान करण्यासाठी, त्रास देण्यासाठी विचारलाय, किंवा योग्य असूनही विनाकारण लागेल अशा भाषेत आहे, असं दिसलं तर तो नाकारलाच पाहिजे, तिथे "शकतो" नाही. जुन्या पुरावा कायद्यातली कलमं 151 आणि 152, आता भारतीय साक्ष अधिनियमात 154 आणि 155. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारी तरतूद 2002 च्या दुरुस्तीने गेली. गुरमित सिंग खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पीडितेचा उलटतपास चालू असताना कोर्टाने मुका प्रेक्षक बनून बसू नये. म्हणजे मध्ये पडणं हा पक्षपात नाही, तुमची ड्युटी आहे.

पण पडायचं कसं, यात खरं कौशल्य आहे. वकिलावर ओरडायचं नाही, साक्षीदाराची बाजू घेऊन बोलायचं नाही, तिला उत्तर सुचवायचं तर मुळीच नाही. प्रश्न जसाच्या तसा प्रश्नोत्तर पद्धतीने नोंदवा, हरकत नोंदवा, "प्रश्न नामंजूर, कारण अमुक," एवढं लिहा आणि पुढे चला. आरोपीचा हक्कही त्याने शाबूत राहतो, कारण अपील न्यायालयासमोर प्रश्न आणि तुमचं कारण, दोन्ही असतं. तारीख, वेळ, अंतर, उजेड, जुनं भांडण, जमिनीचा वाद, फोनचे तपशील, फिर्यादीला उशीर का झाला, यावर बचावाला हवा तेवढा वेळ द्या, कंटाळा आला तरी द्या. आरोपीच्या डोक्यावर शिक्षेची टांगती तलवार असते. त्याला पुरतं ऐकलं गेलं असं वाटलं पाहिजे. पुढे सत्र न्यायालयात पोक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, काम कराल तेव्हा दिसेल की तिथे वकिलांनी प्रश्न न्यायाधीशाकडे द्यायचा आणि न्यायाधीशाने तो मुलाला विचारायचा, अशी कायद्याचीच रचना आहे. तरीही तिथे बचाव चालतो, निर्दोष सुटकाही होतात.

आता डोक्यातली समजूत. हिचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच आहे. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचं प्रकरण, मथुरा प्रकरण म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केल्याचं दिसत नव्हतं, म्हणून संमती. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्या पत्रातून उठलेल्या आंदोलनातून 1983 ची कायदादुरुस्ती आली. त्या निकालात कुणी पैसे खाल्ले नव्हते. ठाण्यात रात्री दोन पोलिसांसमोर ती मुलगी ओरडली असती, ही समजूत पुराव्याच्या जागी बसली, एवढंच झालं. आणि तेवढं पुरलं.

समजूत बाईच्या बाजूची असली तरी ती समजूतच. "कुठली भारतीय स्त्री स्वतःच्या अब्रूवर खोटा डाग लावून घेईल?" हे वाक्य मीही निकालात लिहिलंय. 1983 च्या भरवाडा निकालातल्या विवेचनाचा आधार घेऊन ते सर्रास लिहिलं जायचं. नंतर लक्षात आलं, की आज या वाक्याने एकीला न्याय दिला तर उद्या जिला गावाच्या लेखी ‘अब्रू’च नाही, तमाशात काम करणारी, नवऱ्याने टाकलेली, दारू विकणारी, तिच्यावर विश्वास ठेवायला आपल्याकडे आधारच उरत नाही. साक्ष विश्वासार्ह आहे, कारण ती सुसंगत आहे, वैद्यकीय पुराव्याशी जुळते, उलटतपासात टिकली. बस. तेवढंच लिहा.

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जुलै 2020 मध्ये विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली की रक्षाबंधनाला मिठाई घेऊन फिर्यादीच्या घरी जावं, राखी बांधून घ्यावी आणि अकरा हजार रुपये ओवाळणी द्यावी. ज्याने घरात शिरून हात धरला असा आरोप, त्यालाच कोर्टाच्या हुकमाने पुन्हा तिच्या उंबऱ्यावर पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 18 मार्च 2021 च्या अपर्णा भट निकालाने ती अट रद्द झाली आणि आपल्या सगळ्यांसाठी सूचना आल्या: जामिनाच्या अटीत आरोपी-फिर्यादीचा संपर्क नको, तडजोड किंवा लग्न सुचवायचं नाही, स्त्रीच्या कपड्यांवर, वागण्यावर, ‘आदर्श स्त्री’वर भाष्य नको. हा निकाल डायसच्या खणात ठेवा. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रूढ कल्पनांविषयीची पुस्तिकाही काढली, तीत कुठला शब्द टाळून काय लिहावं याचा तक्ता आहे. मराठीत आपल्याला तसा तक्ता स्वतःच करावा लागेल, कारण ‘अब्रू’, ‘चालचलन’, ‘नांदणं’, ‘टाकलेली’ हे शब्द आपल्या दाव्यांत आणि जबाबांत भरलेले आहेत. साक्षीत आले तर तसेच ठेवा, स्वतःच्या निष्कर्षात वापरू नका.

कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात तर याची रोज परीक्षा. बाई समोर आली की पहिला प्रश्न, "नांदायला जायला तयार आहात का?" का बरं? आधी नवऱ्याला विचारा की घेऊन जायला, खर्च द्यायला, हात न उचलायला तो तयार आहे का. तडजोडीची पर्सिस, म्हणजे लेखी निवेदन, आली तर सही करणाऱ्या बाईला, सासर-माहेर दोन्हीकडची माणसं बाहेर काढून, एकटीला विचारा. कायद्याने 60 दिवसांत निकाली काढायचा अर्ज तुमच्या युनिट्सच्या, म्हणजे निकाली कामाच्या गुणांच्या, हिशेबात मागे पडू देऊ नका. पोटगी ठरवताना 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे दोघांचीही उत्पन्नाची शपथपत्रं आधी घ्या. तिची साडी आणि त्याची चप्पल बघून आकडा ठरवू नका. हेच पुरुषाच्या बाबतीतही. मुलाचा ताबा मागणाऱ्या बापाला "मूल आईकडेच बरं" म्हणून तारखा देत बसणं, किंवा हुंड्याच्या फिर्यादीत पूर्ण सासर आरोपी केलंय म्हणून सगळ्यांना सरसकट कोठडी देणं, यातही पुराव्याआधी समजूतच बोलते. अर्नेश कुमार निकालाने 2014 पासून अटकेची कारणं तपासण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे.

आणि स्त्री न्यायाधीश नेमल्या की हे आपोआप सुटेल, असं मानू नका, हे मी स्वतः स्त्री असून सांगते. 19 जानेवारी 2021 ला नागपूर खंडपीठाने कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, त्वचेला त्वचा लागायला हवी, असं म्हटलं. निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती महिलाच होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला तो फिरवला. तरीही डायसवर स्त्रिया हव्यातच. मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या 1997 च्या विशाखा निकालाच्या पीठावर होत्या, याला मी फार मोल देते. आणि ज्या आहेत त्यांना टिकू द्यायला हवं. मध्य प्रदेशात महिला दिवाणी न्यायाधीशांना कामगिरीच्या कारणावरून काढलं होतं. त्यातल्या एकीचा त्याच काळात गर्भपात झाला होता. 28 फेब्रुवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यापैकी दोघींची, तिची धरून, बडतर्फी रद्द केली. तुमच्या शेजारच्या कोर्टातली सहकारी बाळंतपणाहून आली आणि तिचे युनिट्स कमी पडले, तर ते आळसाचं लक्षण आहे का, याचा विचार तुमच्यापासून सुरू होऊ दे. तरुण महिला वकील एकटी युक्तिवादाला उभी राहिली तर "तुमचे सीनियर कुठे आहेत?" असं विचारू नका, मला ते अकरा वर्षांच्या वकिलीनंतरही विचारलं गेलं होतं.

शेवटी एक काम, रुजू होण्याच्या दिवशीच करण्यासारखं. बोर्ड हातात घ्यायच्या आधी नाझरांना बरोबर घेऊन आवारात एक चक्कर मारा. स्त्रियांचं स्वच्छतागृह आहे का, त्याला कडी आहे का, पाणी येतं का, की ते बंद करून आत जुनी दप्तरं ठेवलीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 जानेवारी 2025 च्या निकालाने प्रत्येक न्यायालयात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र सोय करायला सांगितलंय. नसेल तर त्याच दिवशी वर पत्र पाठवा. मग व्हरांड्यात या. बहुतेक ठिकाणी साक्षीदारांना बसायला एकच लांब बाक असतो, आणि त्यावर फिर्यादी मुलगी नि आरोपीचे नातेवाईक खांद्याला खांदा लावून पुकाऱ्याची वाट बघत बसलेले असतात. अशा असुरक्षित साक्षीदारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी साक्ष केंद्रं उभारायचे आदेश 2022 मध्ये आले, तालुक्याला अजून ते दूर आहे. दुसरा बाक मागवा आणि तो व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, तुमच्या चेंबरच्या दारापाशी ठेवा. त्यासाठी कुठली मंजुरी लागत नाही.